फासा पडल्यावर नियम बदलू नका

आज जीएसटी नाही, लोनची फाइल नाही, इन्स्टाग्रामचं मार्केटिंगही नाही. आज एका खेळाबद्दल बोलायचंय. आणि त्या खेळात मी जी घोडचूक केली तिच्याबद्दल. त्या चुकीपायी माझ्या बॅचमधल्या एक हुशार ताई दोन महिने माझ्याशी तुटक बोलत होत्या.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. पोरं त्याला डी अँड डी म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण डंजन मास्टर होतो, त्याला डीएम म्हणायचं. तो गोष्ट पुढे नेतो, राक्षस चालवतो आणि पंचगिरीही तोच करतो. तुम्ही सांगायचं, ‘मी दोरीवरून पलीकडे जातो.’ जमेल की नाही याची खात्री नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, गोष्ट पुढच्या रविवारी पुढे चालू.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर हे शिकून आला आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला शिकवलं. मला वाटलं, अरे, हे तर माझ्याच क्लासचं काम! डीएम म्हणजे मालकच की. नियम तो करणार, अडचणी तो आणणार, माणसं टिकवायची जबाबदारीही त्याचीच. म्हणून बॅचमधल्या चौघांना घेऊन रविवारी सकाळी क्लासच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेला एक मुलगा, एक मोबाइल रिपेअरिंगवाला, आणि बँकेतून रिटायर होऊन रोपवाटिका काढायला निघालेले एक काका. ताईंनी जादूगार घेतली. घरी नोटबुकमध्ये तिची सगळी माहिती लिहून आणली, तिचं गाव, तिची आई, सगळं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्यावर येतो. पुस्तकातले नियम जसेच्या तसे कुणी खेळत नाही. प्रत्येक टेबलाचे आपले नियम असतात, त्याला हाउस रूल म्हणतात. हे तुम्हाला नवीन नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना ‘जोशींच्या गॅलरीत गेला तर आउट’ हा नियम कुठल्या पुस्तकात होता? तसंच हे.

या खेळाचा जन्मच तसा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ रचला आणि १९७४ साली विकायला काढला. एक खोकं, आत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई एक हजार प्रतींची. (धंदा शिकणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवा. हजार प्रती!) त्या पुस्तिकांमध्ये इतक्या जागा मोकळ्या सोडलेल्या होत्या की ज्याने त्याने आपापल्या नियमांनी त्या भरल्याशिवाय खेळताच येत नसे. म्हणजे घरचा नियम म्हणजे काही पाप नाही. पन्नास वर्षं लोक तेच करतायत. प्रश्न एवढाच आहे की नियम कधी करायचा, आणि त्याची किंमत कोण मोजणार.

मी काय केलं ते ऐका.

वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की त्याला क्रिटिकल म्हणतात. वार हमखास लागतो आणि नुकसानीचे फासे दुप्पट टाकायचे. पुस्तकातला नियम इतकाच. पण दुप्पट फासे टाकूनही कधी एक-एक पडतो आणि सगळ्यांचा विरस होतो. भाच्याने सांगितलं, ‘मामा, बरेच जण काय करतात, क्रिटिकलला एक फासा पूर्ण धरतात आणि दुसरा टाकतात. मग मोठा आकडा येतोच.’ मला आवडलं. थरार! मी म्हटलं, आपल्याकडे हेच. आणि सगळ्यांसाठी सारखंच बरं का, खेळाडूंनाही आणि राक्षसांनाही. न्याय म्हणजे न्याय.

इथे मी गणित केलं नाही. रोज तुम्हाला ओरडून सांगतो की ऑफर काढण्याआधी कागदावर मार्जिन काढा, आणि स्वतः काढलं नाही.

ते गणित आता मांडतो. ताईंच्या जादूगाराचे हिट पॉइंट सात. हिट पॉइंट म्हणजे अंगात किती दम उरलाय त्याचा आकडा. समोर गॉब्लिन, म्हणजे या खेळातला एक फुटकळ शत्रू. त्याच्या वाराचं नुकसान म्हणजे सहा बाजूंचा एक फासा अधिक दोन. या खेळात हिट पॉइंट शून्यावर आले की माणूस बेशुद्ध पडतो, लगेच मरत नाही. सोबती वाचवू शकतात. पण एक कलम आहे. शून्यावर आल्यानंतर जे नुकसान उरतं ते तुमच्या पूर्ण हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर जागेवर मृत्यू. सात हिट पॉइंटवालीला एका फटक्यात चौदाचा मार बसला की संपलं.

पुस्तकातल्या नियमाने क्रिटिकलमध्ये चौदा यायला दोन्ही फाशांवर सहा पडायला हवेत. छत्तीसमध्ये एक वेळ. माझ्या नियमात एक सहा मी आधीच फुकट दिलेला. दुसऱ्या फाशावर सहा पडले की झालं. सहामध्ये एक वेळ. थरार वाढवायच्या नादात मी मरणाची शक्यता सहापट केली होती आणि मला पत्ताही नव्हता.

आणि ‘सगळ्यांना सारखा नियम’ हेही खरं नव्हतं. गॉब्लिन एका लढाईपुरता जगतो. त्याला क्रिटिकल बसला काय आणि साधा वार बसला काय, तो तसाही मरणारच असतो. खेळाडूचं पात्र मात्र महिनोन्महिने चालायचं असतं. एका लढाईत शत्रूंनी मिळून वीस वार केले तर सरासरी एक क्रिटिकल पडणार. दर रविवारी नवे गॉब्लिन येणार, पण जादूगार तीच राहणार. म्हणजे कागदावर नियम दोघांना सारखा, पण त्याचं बिल दर वेळी एकाच बाजूला. तुमच्या एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या करारात असली ‘दोन्ही बाजूंना समान’ कलमं नीट वाचा. माल उशिरा आला तर तुम्हाला दंड, पैसे उशिरा आले तर त्यांनाही दंड. वाचायला छान. पण त्यांच्याकडून दंड वसूल कोण करणार?

तर, तिसऱ्या रविवारी गॉब्लिनने बाण मारला. वीस पडले. एक फासा पूर्ण धरला, सहा. दुसरा टाकला, सहा. अधिक दोन.

हॉलमध्ये शांतता. ताईंनी स्वतःच बेरीज केली. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, ‘अर्र.’

आता खरी चूक. वरची चूक गणिताची होती, ती माफ आहे. ही माफ नाही. मला ताईंचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, ‘थांबा थांबा, तो बाण खांद्याला घासून गेला असं धरू. तुम्ही फक्त बेशुद्ध.’ सगळ्यांनी हुश्श केलं. आणि त्या दिवसापासून मी डीएमचा पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. फासे पडद्यामागे टाकायला लागलो. राक्षसाला वीस पडले की ‘चौदा’ सांगायचं. खेळाडू फार सहज जिंकायला लागले की राक्षसाचे हिट पॉइंट गुपचूप वाढवायचे. सगळे खूश. मीही खूश, वाटायचं काय सुंदर बॅलन्स साधलाय आपण!

दोन रविवार गेले. मग ताईंचा मेसेज आला की ऑर्डरी वाढल्यात, येता येणार नाही. मी समजलो की खरंच ऑर्डरी वाढल्या असतील. पुढच्या महिन्यात सहज फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सर, त्या दिवशी ती मेली असती तरी चाललं असतं. वाईट वाटलं असतं, पण चाललं असतं. आता मला कळतच नाही, आपण जिंकलो तेव्हा खरंच जिंकलो का तुम्ही जिंकवलंत. मग मी एवढा विचार करून मंत्र निवडते तो कशाला?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या फासा बदलण्याला इंग्रजीत फजिंग म्हणतात आणि त्यावर खेळाडूंमध्ये जोरदार वाद आहे. वाद एकतर्फी नाही हेही सांगतो. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत डीएमसाठी जे मार्गदर्शक पुस्तक आहे त्यातच लिहिलंय की पडद्यामागे फासा टाकला तर हवा तेव्हा निकाल फिरवता येतो. फक्त फार वेळा करू नका, आणि करताय हे कळू देऊ नका. जे याच्या बाजूचे आहेत त्यांचं म्हणणं असं की नवशिक्या खेळाडूचं पात्र तिसऱ्याच दिवशी एका दळभद्री फाशाने मेलं तर तो परत येईल का? आणि लढाई अवघड झाली ती डीएमच्या चुकीच्या अंदाजाने, तर त्याची शिक्षा खेळाडूला का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पण मला त्या सल्ल्यातला दुसरा भागच पटत नाही. जी गोष्ट समोरच्याला कळली तर टिकणार नाही, तिच्यावर टेबल उभं करायचं नाही. आणि कळतंच हो. डीएमला वाटतं पडदा आहे. पडद्यापलीकडे बसलेला माणूस तुमचा आवाज ऐकत असतो, फासा पडल्यावर तुम्ही अर्धा सेकंद थांबलात ते बघत असतो. तुमच्या दुकानातला पोरगासुद्धा तुम्ही ‘हो, चालेल’ म्हणताना मनात काय होतं ते ओळखतो.

मग डीएमचा अंदाज चुकला तर करायचं काय? अंदाज तर चुकतोच. मुळात हे अवघडपणाचं गणितच किती निसरडं आहे ते बघा.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकात लढाई किती कठीण होईल ते मोजायची रीत दिलीय. पहिल्या पातळीचे चार खेळाडू असतील तर शंभर गुणांची लढाई सोपी, दोनशेची मध्यम, तीनशेची कठीण आणि चारशेपासून पुढे जीवघेणी. एका गॉब्लिनचे पन्नास गुण. आता दोन गॉब्लिन ठेवले तर साध्या बेरजेने शंभर. पण शत्रू एकापेक्षा जास्त असले की गुणक लागतो, दोघांना दीडपट. झाले दीडशे, म्हणजे सोपी लढाई. आता गॉब्लिन दुप्पट करा, चार. बेरीज दोनशे. पण तीन ते सहा शत्रूंना गुणक दुप्पट, म्हणजे चारशे. जीवघेणी! शत्रू दुप्पट झाले, पण लढाई ‘सोपी’वरून थेट ‘जीवघेणी’वर गेली, मधल्या दोन पायऱ्या वगळून.

असं का होतं? कारण चार गॉब्लिन म्हणजे दर फेरीत चार वार. आणि त्यातला पहिला मरेपर्यंत चारही जण मारत असतात. एक मोठा राक्षस असेल तर चौघे मिळून त्याला घेरतात, तो एकदाच मारतो. ताकदीपेक्षा हातांची संख्या जड पडते. ज्यांनी एका दिवशी चार छोट्या ऑर्डरी घेतल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. एक दोनशे माणसांचं जेवण झेपतं, पण पन्नास-पन्नासची चार ठिकाणं, चार वेळा, चार टेम्पो? घाम फुटतो.

गंमत म्हणजे २०२४ साली नव्याने आलेल्या डीएमच्या पुस्तकात हे गुणक काढूनच टाकले. पायऱ्याही चारच्या तीन केल्या. म्हणजे ज्यांनी खेळ बनवला त्यांनाही दहा वर्षं वापरून आपलं कोष्टक बदलावंसं वाटलं. मग तुमचा-माझा अंदाज चुकला तर त्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट कोष्टकात नीट दिसत नाही, दिवस किती लांब आहे ती. जुन्या पुस्तकाचा हिशेब असा होता की साहसाच्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम-कठीण लढाया झेपतात. आमच्यासारखी माणसं रविवारी तीन तास खेळतात, एक लढाई होते, आणि मग पात्रं रात्रभर झोप काढतात. जादूगाराचे मंत्र झोपेनंतर परत भरतात. दिवसाला एकच लढाई असेल तर जादूगार सगळा दारूगोळा एकदाच उडवून मोकळा. लढवय्याची तलवार दिवसभर चालते हा त्याचा मोठा गुण, पण दिवस एवढा छोटा असेल तर तो गुण दिसतच नाही. मग लढवय्या घेतलेला माणूस म्हणतो माझं पात्र फालतू आहे, आणि डीएम त्याला एखादी जादूची तलवार देऊन टाकतो. दुखणं एकीकडे आणि मलम भलतीकडे. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याचं हेच झालं होतं. त्याला तलवार नको होती, त्याला आणखी दोन लढाया हव्या होत्या.

तर अंदाज चुकला की काय करायचं. या २०१४च्या आवृत्तीच्या स्टार्टर सेटमध्ये एक छापील साहस होतं, त्याचं नाव लॉस्ट माइन ऑफ फँडेलव्हर. बऱ्याच जणांची या आवृत्तीशी ओळख त्यातूनच झाली. त्याच्या सुरुवातीलाच रस्त्यात दोन घोडे मरून पडलेले असतात आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले. हो, तेच चार, वरच्या हिशेबातले जीवघेणे. नवशिक्यांसाठीचं साहस आणि पहिलीच लढाई ही! पण लिहिणाऱ्याने एक शहाणपण केलंय. खेळाडू हरले तर काय, तेही लिहून ठेवलंय. गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडतात, सामान आणि गाडी लुटतात आणि आपल्या अड्ड्यावर निघून जातात. बस. खेळाडू शुद्धीवर येतात, खिसा रिकामा, आणि आता गॉब्लिनांच्या मागे जायला खरं कारण मिळालेलं.

मला हे फार आवडतं. फासा कुणी बदलला नाही. हार ही हारच राहिली. पण हार म्हणजे मरण हे समीकरण आधीच मोडून ठेवलं, लढाई सुरू व्हायच्या आधी. अवघडपणा आवरायच्या जागा या असतात: शत्रूला काय हवंय, पळून जायला वाट आहे का, धोका आधी दिसतो का. ते दोन मेलेले घोडे म्हणजे पाटीच आहे, इथे सावध व्हा. ती बघूनही घुसलात तर पुढचं तुमचं.

आणि अवघड असणं हा दोष नाहीच. गायगॅक्सने टूम ऑफ हॉरर्स नावाचं एक साहस रचलं होतं. ते १९७५ साली ओरिजिन्स नावाच्या संमेलनातल्या स्पर्धेत खेळलं गेलं आणि १९७८ साली छापून आलं. पात्रं मारण्यासाठी ते इतकं कुप्रसिद्ध आहे की लोक मुद्दाम नवीन पात्र बनवून त्यात उतरतात, लाडकं पात्र घरी ठेवून. तक्रार नाही, कारण दारावरच माहीत असतं आत काय आहे. माझ्या ताईंना ते माहीत नव्हतं. त्यांना मी सांगितलं होतं की मजेचा खेळ आहे, या.

आता आणखी एका लोकप्रिय हाउस रूलबद्दल बोलतो, कारण तो तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी आपल्या धंद्यात लावलेला आहे. वीस पडले तर बक्षीस, मग एक पडला तर शिक्षा हवी ना? पुस्तकात एक पडला तर वार चुकतो, एवढंच. पण बऱ्याच टेबलांवर म्हणतात, एक पडला की तलवार हातातून निसटणार किंवा दोरी तुटणार, काहीतरी फजिती. ऐकायला मजा वाटते. आता हिशेब करा. लढवय्या पाचव्या पातळीला पोचला की एका फेरीत दोन वार करतो, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. प्रत्येक वाराला फासा, प्रत्येक फाशाला पाच टक्के फजिती. पाचव्या पातळीचा लढवय्या चार फेऱ्यांच्या लढाईत आठ वेळा फासा टाकतो. त्यात एकदा तरी एक पडायची शक्यता जवळजवळ एक तृतीयांश. विसाव्या पातळीच्या जगजेत्याची तलवार तर एकाच फेरीत निसटायची शक्यता साडेअठरा टक्के! माणूस जितका तरबेज तितका जास्त वेळा धडपडणार. आणि जादूगार? तो आगीचा गोळा फेकतो, त्यासाठी त्याला फासाच टाकावा लागत नाही, समोरचे टाकतात. त्याची कधीच फजिती नाही.

हॉटेलवाले मित्र हसतायत ना? ‘कप फुटला तर पगारातून कापणार.’ दिवसाला तीनशे कप विसळणाऱ्या पोराचे कापले जातात. गल्ल्यावर बसलेल्याच्या हातून कप फुटत नाही, कारण त्याच्या हातात कप येतच नाही. सगळ्यांना सारखा नियम!

आमच्या टेबलावर हा नियम मोबाइल रिपेअरिंगवाल्याने सुचवला होता. काकांनी कॅल्क्युलेटर काढून वरचा हिशेब केला आणि तो पडला. बँकेतली माणसं अशी कामाला येतात.

सगळे हाउस रूल असेच वाईट असतात असं नाही. २०१४च्या नियमात जखम भरायचं औषध प्यायला तुमची अख्खी पाळी जायची. मिळायचं काय, चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन, सरासरी सात हिट पॉइंट. तेवढ्यात शत्रू परत मारणार. म्हणून लोक औषध झोळीत ठेवून मरायचे. अनेक टेबलांनी ठरवलं की औषध पिणं ही छोटी कृती धरू, त्याच पाळीत वारही करता येईल. आणि २०२४च्या नियमांत हेच अधिकृत झालं. या नियमात चांगलं काय होतं? लोकांना रोज बोचणारी एक अडचण त्याने काढली. त्याचं बिल कुणा एकावर फाटत नव्हतं. आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होता.

फोननंतर मी आठवडाभर विचार केला आणि ताईंना परत फोन लावला. सरळ सांगितलं की बाण घासून गेला नव्हता. ती मेली होती, आणि नंतरचे दोन रविवार मी आकडे फिरवले. त्या म्हणाल्या, ‘ते आम्हाला माहीतच होतं सर.’ आम्हाला! म्हणजे चौघांनाही. मी एकटाच पडद्यामागे बसलो होतो.

त्या परत आल्या, पण अटी घालून. पडदा काढायचा. नियम कागदावर लिहून भिंतीला लावायचे. नवीन नियम करायचा असेल तर आजच्या खेळात लागू नाही, पुढच्या रविवारपासून. आणि तीन रविवारांनंतर त्यावर परत बोलायचं, ठेवायचा की काढायचा. या अटी त्यांनी कुठून आणल्या विचारलं तर म्हणाल्या, ‘डब्याचे दर मी असेच बदलते. महिन्याच्या मध्ये कधी नाही. एक तारखेपासून, आणि आठ दिवस आधी सांगून.’ हे मीच शिकवलं होतं का? बहुतेक नाही.

मी एक अट माझीही घातली. मी लढाईचा अंदाज चुकलो तर मध्येच थांबून तोंडाने सांगेन की ‘हे मी जास्त अवघड केलंय, काय करू या?’ हे अजून मला जड जातं. दोनदाच केलंय. पहिल्यांदा खेळाडू म्हणाले, राहू द्या, बघू. आणि पळून गेले, जिवंत. दुसऱ्यांदा मात्र सांगितल्याने रंगच गेला, हेही खरं. गोष्टीतून बाहेर पडल्यासारखं झालं सगळ्यांना. त्यामुळे ही अट ठेवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही, तिचे तीन रविवार पुढच्या आठवड्यात संपतायत.

जादूगार परत जिवंत करू या का, असं मी ताईंना विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. नोटबुकमधली पानं तशीच ठेवली आणि नवीन पात्र आणलं, एक पुजारीण, हिट पॉइंट आठ. मेलेल्या जादूगाराची मोठी बहीण.

परवाच्या रविवारी पुन्हा गॉब्लिन. पुन्हा बाण. टेबलाच्या मधोमध, सगळ्यांसमोर फासा टाकला आणि वीस पडले. माझ्या पोटात गोळा आला. भिंतीवरच्या कागदावर आता पुस्तकातलाच नियम आहे, म्हणून दोन्ही फासे टाकले. दोन आणि तीन. अधिक दोन.

‘सात,’ ताई म्हणाल्या आणि खोडरबर उचललं. ‘माझे आठ होते. एक उरला. आता माझी पाळी ना?’